वाटेत थांबलेला वैद्य

शास्त्रपाठ : मार्क ५:२१–४३, त्याबरोबर लूक ८:४०–५६ हाही वाचावा.



हा मजकूर वाचण्यापूर्वी वर दिलेले दोन्ही पाठ आपापल्या घरी मोठ्याने वाचावे, अशी माझी विनंती आहे. ज्या घरी कोणी दुखणाईत अंथरुणास खिळलेला असेल, त्या घरी ते त्याच्या उशाशी बसून वाचावे. गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. शब्बाथशाळेतील लहान मुलेही ती सांगतात. परंतु जी गोष्ट ठाऊक असते तीच आपण पुष्कळदा नीट ऐकत नाही, आणि आज मला ऐकण्याविषयीच लिहावयाचे आहे.

ती बाई बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली होती. मार्क तिची हकीकत मोठ्या स्पष्टपणाने लिहितो. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, जवळ होते नव्हते ते सर्व वेचले, आणि गुण येण्याऐवजी तिचे दुखणे अधिकच बळावले. हीच गोष्ट लूकही लिहितो. पण कोणाच्या हातून तिला गुण आला नाही, एवढ्यावरच तो थांबतो. दुखणे बळावल्याचे तो लिहीत नाही. लूक स्वतः वैद्य होता, हे पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून आपणांस कळते. आपल्या धंद्यातील मंडळींची बाजू त्याने जराशी सांभाळून घेतली की काय, असे हा भाग वाचताना माझ्या मनात येते, आणि थोडे हसूही येते. तथापि दोघांचेही म्हणणे खरेच आहे.

अशी बाई खानदेशातील कोणत्या गावात नाही? आठवडे बाजाराच्या दिवशी एका दवाखान्यात सुई घ्यावयाची, दुसऱ्यात सलाईनची बाटली चढवून घ्यावयाची, आठ दिवसांनी ताकद आली नाही म्हणून भगताकडे कोंबडा न्यावयाचा, तेथून पुन्हा तालुक्याच्या गावी. शेळी विकली जाते, मग गळ्यातील पोत गहाण पडते, मग मुलाच्या नावावर उचल घेतली जाते. प्रत्येक ठिकाणी एक नवी चिठ्ठी मिळते आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. पिशवी फुगत जाते आणि माणूस वाळत जाते.

आता ती गर्दीतून आली व प्रभूच्या वस्त्राला मागून शिवली. तत्क्षणीच तिचा स्राव थांबला. येथे आपणही क्षणभर थांबू या. रोग बरा झाला होता. वैद्याचे काम संपले होते. आणि पुढे जाण्याची घाई केवढी! याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी पायां पडून विनवीत होता. घरी त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजीत होती. असे असता प्रभू वाटेत थांबला आणि मला कोण शिवले, असे विचारू लागला. शिष्यांना तो प्रश्न खुळेपणाचा वाटला. एवढ्या रेटारेटीत कोण शिवले हे काय विचारावे? परंतु तो सभोवार पाहतच राहिला. शेवटी ती बाई थरथर कापत पुढे आली, त्याच्या पायां पडली, आणि तिने त्याला सर्व काही खरे खरे सांगितले.

तिने काय काय सांगितले हे मार्क लिहीत नाही. पण बारा वर्षांची कहाणी कोणास दोन वाक्यांत सांगता आलेली नाही. त्या दुखण्यामुळे मोशेच्या नियमाप्रमाणे ती अशुद्ध गणली जाई. तिने ज्यास शिवावे तोही अशुद्ध. बारा वर्षांत तिच्याजवळ बसून तिचे म्हणणे कोणी ऐकले असेल, असे मला वाटत नाही. प्रभूने ते भर रस्त्यात, सर्व लोकांसमक्ष, याईर शेजारी तळमळत उभा असता, शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग तिला मुलगी म्हणून हाक मारली. शरीर तर आधीच बरे झाले होते. मग हे ऐकणे कशासाठी? मला वाटते, ऐकल्यावाचून तिचे बरे होणे पुरे होत नव्हते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी, गाव साक्री तालुक्यात, हिला घेऊन मी आपल्या प्रांतातील एका मिशन इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरांचे व इस्पितळाचे नाव मुद्दाम देत नाही. छापलेले त्यांना आवडणार नाही. आजीबाईंना चार पावले चालले तरी धाप लागे. चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. दोन वर्षे त्या रक्तवाढीची औषधे घेत होत्या; कितीतरी बाटल्या सलाईन त्यांच्या अंगात गेले होते.

डॉक्टर दक्षिणेकडचे. मराठी त्यांनी येथे येऊन शिकलेली, आणि अहिराणीचे थोडेसे शब्द रोग्यांकडूनच उचललेले. त्यांनी स्टूल जवळ ओढले, आजीबाईंच्या डोळ्यांच्या पातळीवर बसले, आणि विचारले, “माय, कोठे दुखस?” दवाखान्यात आपल्याशी कोणी आपल्या बोलीत बोलेल, हे आजीबाईंच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या हसल्या, आणि बोलू लागल्या. प्रथम गुडघा. मग गुडघा कशाने धरला ते. म्हणजे ज्या वर्षी विहीर आटली आणि लांबून पाणी आणावे लागले, ते वर्ष. मग त्याच वर्षी धनी वारले. मग बैल विकला. मग सून. मला राहवेना. बाहेर केवढी रांग लागलेली! मी म्हटले, “आजी, मुद्द्याचे तेवढे सांगा.” डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहताच हात वर करून मला गप्प केले.

आजीबाईंचे सांगणे संपले तेव्हा त्यांनी पिशवीतील चिठ्ठ्या बाहेर काढल्या, तारखेप्रमाणे लावल्या, आणि विचारले, “आणखी काही?” आजीबाई म्हणाल्या, काही नाही. डॉक्टर तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने आजीबाईंनी खाली मान घालून सांगितले की, शौचास डांबरासारखे काळे होते. रक्तवाढीच्या औषधाने असेच होते असे कोणी सांगितले होते, म्हणून त्या आजवर बोलल्या नव्हत्या. ते खरेही आहे. लोहाच्या औषधाने शौचाचा रंग काळा होतो. पण हे केव्हापासून, असे डॉक्टरांनी विचारले. औषध सुरू होण्याच्या आधीपासून, असे उत्तर आले. मग त्यांनी विचारले, “गुडघ्यासाठी काय घेता?” आजीबाईंनी पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या पुडीत लहान गोळ्या होत्या. बाजारच्या गावी मिळत. दिवसातून तीनदा, बहुधा रिकाम्या पोटी, तीन वर्षे त्या घेत आल्या होत्या.

दुखणे थांबविण्याच्या अशा गोळ्यांनी पोटाच्या आतील अस्तरास जखम होते, आणि तिच्यातून थेंब थेंब रक्त जात राहते. बाहेर दिसत नाही. शौचास काळे होते एवढेच. दुर्बिणीने पोट तपासले तेव्हा ती जखम दिसली. गोळ्या बंद केल्या, रक्त दिले, जखम भरून येण्याचे औषध दिले. दोन महिन्यांनी आजीबाई उपासनेस आपल्या पायांनी आल्या. दोन वर्षे वरून रक्तवाढीचे औषध ओतणे चालू होते आणि खालून भांडे गळत होते. आणि गळतीचे कारण पदराच्या गाठीत बांधलेले होते. ती गाठ सोडावयास कोणी सांगितले नव्हते, कारण गुडघ्याची कहाणी शेवटपर्यंत कोणी ऐकली नव्हती. ऐकून घेणे हा केवळ गोड स्वभावाचा भाग आहे, औषधोपचार निराळा, असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो.

विद्वानांनी ह्या गोष्टीचे मोजमापही केले आहे. अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८४ साली असे दाखविले की, रोगी बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतो. आणि २०१७ साली निरनिराळ्या देशांची माहिती एकत्र करून जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात प्राथमिक दवाखान्यात डॉक्टर एका रोग्यास देतो तो वेळ आपल्या देशात सुमारे दोन मिनिटे भरला. स्वीडन देशात तो वीस मिनिटांहून अधिक आहे. दोन मिनिटांत आजीबाईंची विहीरदेखील आटली नसती.

माझ्याही घरी हा अनुभव आलेला आहे. माझा थोरला भाऊ एका शहरातील मोठ्या रुग्णालयात असता, त्याची तपासणी चालू असेपर्यंत डॉक्टर सबंध वेळ दुसऱ्या कोणाशी टेलिफोनवर बोलत होते. कागदावर लिहून त्यांनी तो परिचारिकेच्या हाती दिला. भाऊ मला म्हणाला, “त्यांनी माझे तोंड पाहिले असेल का रे?” भाऊ आज हयात नाही. औषध चुकले असे मी म्हणत नाही; ते बरोबरच असेल. पण त्याचा तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

तरी न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टर दिवसरात्र उभे असतात, आणि आपले लोक त्यांच्याशी कसे वागतात? मार्च २०१७ मध्ये आपल्या धुळ्यातच अपघातात जखमी झालेल्या एका रोग्याच्या नातेवाइकांनी तेथील निवासी डॉक्टरास बेदम मारले. मेंदूचा तज्ज्ञ येथे नाही, रोग्यास दुसरीकडे न्यावे लागेल, असे खरे ते त्याने सांगितले होते. त्याच्या डोळ्यास गंभीर इजा झाली, आणि राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. जो मार खाण्याच्या भीतीने खाटेजवळ उभा असतो, तो स्टूल ओढून बसेल कसा?

आणि बेपर्वाईची परिसीमाही आपल्या ह्या प्रांतानेच पाहिली. २०२० च्या जून महिन्यात, करोनाच्या साथीत, जळगावातील एका रुग्णालयातून एक वृद्ध रोगी स्त्री खाटेवरून नाहीशी झाली, आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचगृहात तिचे प्रेत सापडले. शंभरांपैकी एक मेंढरू हरवले असता त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दाखला मी कितीदा तरी सांगितला आहे. त्या आठवड्यात तो सांगावयास माझी जीभ वळेना. ती साथ किती भयंकर होती, कामगार किती थोडे होते, हे मी जाणतो. अनेक डॉक्टर व परिचारिका त्या दिवसांत रोग्यांची सेवा करता करता स्वतः मेल्या. तथापि खाट रिकामी दिसली असता, ती बाई कोठे आहे, एवढे कोणी तरी विचारावयास हवे होते.

आपल्या लोकांत मिशन इस्पितळांचे नाव निघाले की डोळ्यांत पाणी येते, त्याचे कारण तेथील यंत्रे नव्हेत. नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे १९४२ साली मिशनने इस्पितळ सुरू केले. त्या वेळी तो मुलूख पश्चिम खानदेशात होता. पुढे धुळे जिल्ह्यात, आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला. जिल्ह्याचे नाव बदलत गेले, पण इस्पितळ आहे तेथेच आहे. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या व्यवस्थेखाली चालते. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर ते असल्यामुळे भिल्ल, मावची, गावित बांधव तेथे सहज पोहोचत आले. दक्षिणेकडे मिरजेस डॉक्टर वानलेस हे १८८९ साली हिंदुस्थानात आलेले. त्यांचे इस्पितळ १८९४ साली उघडले. १९२८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पण म्हातारी माणसे त्यांच्याविषयी सांगत ते पदवीचे नसे. शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ, सुरी हाती घेण्यापूर्वी, ते रोग्यासाठी प्रार्थना करीत, हे सांगत. मेजावर पडलेल्या कुणब्यास आपले नाव देवापुढे घेतले जात असलेले ऐकू येई. त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही मिरजेजवळ आहे.

आता याईराकडे परत यावयास हवे, कारण त्याला वाटेत उभे ठेवूनच आपण इतका वेळ बोलत आहो. थांबणारा वैद्य हा त्याच्या दृष्टीने उशीर करणारा वैद्य होता. आणि उशीर झालाच. प्रभू त्या बाईशी बोलत असतानाच घरून माणसे आली, आणि मुलगी मेल्याची वार्ता त्यांनी सांगितली. हे वचन फोडून सांगताना आपण उपदेशक ह्या ठिकाणी जरा जलद पुढे जातो. मीही गेलो आहे. पण जो बाप तेथे उभा होता त्याच्या काळजाचे काय झाले असेल? एकाचे ऐकावे तर दुसऱ्याची घटका टळते, ही अडचण खरी आहे. ज्यांच्या दारात दीडशे माणसांची रांग असते त्या डॉक्टरांस ती रोज पडते.

मी त्या दक्षिणेकडील डॉक्टरांस हेच विचारले. त्यांनी मोठे उत्तर दिले नाही. म्हणाले, “आजीबाईंना मी दोन मिनिटांत परत पाठविले असते, तर त्या पंधरा दिवसांनी पुन्हा रांगेत आल्या असत्या.” मग थोडे थांबून म्हणाले, “पण आज रांगेतून चारपाच माणसे न दाखविताच घरी गेली असतील. त्यांत कोण होते, हे मला कळणार नाही. संध्याकाळी ते आठवते.” ह्यावर मी काही बोललो नाही. प्रभूने याईराची मुलगी उठविली. आपल्यांतील वैद्यांस ते सामर्थ्य नाही, म्हणून त्यांची संध्याकाळ जड जाते. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि हेही पाहा की, प्रभूने याईरालाही एकटे टाकले नाही. वार्ता येताच तो प्रथम त्याच्याशीच बोलला, भिऊ नको म्हणाला, त्याच्यासह घरी गेला, मुलीचा हात धरून तिला उठविले, आणि सर्व लोक आश्चर्याने वेडे होऊन पाहत असता त्याने एक गोष्ट सांगितली, जी दुसऱ्या कोणास सुचली नव्हती : मुलीला काही खावयास द्या.

आता उपदेशक बंधूंसाठी दोन शब्द. तिने सर्व काही खरे सांगितले, असे वचनात आहे. आपले लोक दवाखान्यात खरे सांगत नाहीत. भगताकडे गेलो होतो हे लपवितात; त्याने पोटावर डाग दिला तो पदराने झाकतात. क्षयाच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागताच सोडल्या, हे लपवितात. पुढे तो क्षय साध्या गोळ्यांना दाद देईनासा होतो. मोहाची दारू लपवितात. साप चावला तो केव्हा, हे विचारले तर आताच म्हणतात, आणि रात्र भगताच्या अंगणात गेलेली असते. ते का लपवितात? रागावतील म्हणून, आणि पुष्कळदा आपण जवळ उभे असतो म्हणून. उपदेशकासमोर भगताचे नाव कोण घेईल? म्हणून रोग्याबरोबर जाल तेव्हा त्याची पिशवी धरा, चिठ्ठ्या लावून द्या, घरातील सर्व गोळ्या, पदरातल्यासुद्धा, बरोबर न्या. आणि डॉक्टर विचारू लागले की काही वेळ खोलीबाहेर उभे राहा. हे मी शिकलो ते फार उशिरा शिकलो, आणि कसे ते आता सांगतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या एका मंडळीत एक विशीतला तरुण होता. प्रार्थनामंदिराच्या भिंतीचे काम आम्ही सर्वांनी श्रमदानाने काढले. हा मुलगा एक दिवस पाट्या वाही आणि चार दिवस घरी निजून राही. हातपाय दुखतात म्हणे. ऊसतोडीला गुजरातेत गेला तेथूनही मुकादमाने त्याला परत पाठविले होते. अंगावर जखम नाही, ताप नाही, सूज क्वचित. मी त्याला आळशी ठरविले. एवढेच करून थांबलो नाही. एका रविवारी थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील काम टाळणाऱ्यांविषयीचे वचन घेऊन मी उपदेश केला. नाव घेतले नाही, पण कोणाविषयी आहे हे बाकांवर बसलेल्या प्रत्येकास समजले. त्यासही समजले.

थंडीच्या एका रात्री त्याला बैलगाडीत घालून व पुढे जीपने त्याच मिशन इस्पितळात नेले. मी सकाळी पोहोचलो. रात्री काय झाले ते त्याच्या आईने मला सांगितले. मुलगा दात आवळून पडला होता. डॉक्टरांनी विचारले, किती दुखते? तो म्हणाला, आता बरे आहे. डॉक्टरांनी त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि म्हणाले, “येथे तुला खोटे बरे वाटण्याचे कारण नाही. दुखते म्हणालास तर मी दुखते असेच धरणार.” तेव्हा तो ओरडून रडला. आई म्हणाली, पाच वर्षांत तो असा रडलेला तिने पाहिला नव्हता. त्याला जोरदार वेदनाशामक औषध दिले, शिरेतून पाणी दिले, पांघरूण घातले. आणि रक्त तपासावयास घेतले.

त्याला सिकल सेल हा आजार निघाला. आपल्या आदिवासी बांधवांत तो पुष्कळ आहे, म्हणून सर्व मंडळ्यांनी तो समजून घ्यावा. रक्तातील तांबड्या पेशी गोल असावयाच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे अडकतात तेथे हाडे फुटल्यासारखे दुखते. थंडी, अतिश्रम, ताप, पाणी कमी पिणे ही त्याची निमित्ते. बाहेरून काही दिसत नाही. आई व बाप दोघेही ह्या दोषाचे वाहक असले, पण स्वतः आजारी नसले, तर प्रत्येक मुलास तो आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून सोयरीक जुळविण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासून घ्यावे. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळ्यांनी कळा कमी येतात. १ जुलै २०२३ रोजी सरकारने ह्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्यप्रदेशात शहडोल येथून आरंभिली. सात कोटी लोकांची तपासणी करावयाचे त्यांनी योजिले आहे. आपल्या गावी तपासणीचे लोक आले तर पळू नका.

मी खाटेजवळ गेलो. क्षमा मागावयाचे मनात होते, पण तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी आईस विचारले, ह्याच्या पाठीपुढची भावंडे किती? आईने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर गेलो. दाराशी मला ऐकू येत होते. दोन लेकरे गेली, असे ती म्हणाली. एक दीड वर्षाचे, एक चार वर्षांचे. कशाने गेली? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, गावातल्या एका बाईने खाल्ली.

बंधूंनो, आपल्यांतील पुष्कळांस ह्याचा अर्थ ठाऊक आहे. ती बाई विधवा. गावाने तिला डाकीण ठरविले होते. तिच्या अंगणातून कोणी जात नसे, विहिरीवर तिची घागर सर्वांच्या मागून भरली जाई, आणि तिची झोपडी एकदा जळली ती कोणी जाळली हे कोणी विचारले नव्हते. आणि हे लेकरांचे आईबाप बाप्तिस्मा झालेले, माझ्या हातून प्रभुभोजन घेणारे. ही गोष्ट मला बारा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर विळ्यासारख्या पेशीचे चित्र काढून आईस समजावून सांगितले की, ती दोन लेकरे कशाने गेली हे आता खात्रीने सांगता येत नाही, पण बहुधा ह्याच आजाराने गेली असावी. आणि तो आजार कोणी केलेला नसतो, तो रक्तातून आलेला असतो, आईचाही दोष नाही आणि बापाचाही नाही. आईने तो कागद घडी करून चोळीत ठेवला.

मुलगा घरी आल्यानंतर मी त्याच्या घरी गेलो व त्याच्या आईबापांसमक्ष त्याची क्षमा मागितली. पुढच्या रविवारी मंडळीपुढेही मागितली, कारण दोष मी मंडळीपुढेच लावला होता. तो काही बोलला नाही; खाली पाहून मान हलविली. त्याच दिवशी दुपारी त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, पाळकसाहेब, माझ्याबरोबर चला. ती, तो मुलगा व मी असे तिघे गावाच्या टोकाशी असलेल्या त्या झोपडीकडे गेलो. विधवा आम्हांस पाहून आत पळाली. तिला वाटले, पुन्हा काही झाले. आई उंबऱ्याबाहेरच बसली. तिने चोळीतून तो कागद काढला, जमिनीवर पसरला, आणि बोटाने ती विळ्याची आकृती दाखवून आत अंधाराकडे तोंड करून पहिल्यापासून सर्व सांगू लागली. ऊन कलेपर्यंत ती सांगत होती. मी ह्या वेळी मध्ये बोललो नाही. शेवटी ती विधवा बाहेर आली, मुलाकडे पाहिले, आणि त्याला प्यावयास पाणी आणून दिले. तो प्याला.